पुन्हा मांडलेला संसार

(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात भंडारा येथे केलेले भाषण)



चिटणीसांनी मला ‘कोणत्याही उपयुक्त विषयावर वीस मिनिटे’ बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा त्यांच्या मनात शिक्षणाचे महत्त्व, व्यसनमुक्ती किंवा हुंडाबंदी यांपैकी एखादा विषय असावा. या तिन्ही विषयांवर मी याच मांडवात पूर्वी बोललो आहे, आणि आपण ते सहनही केले आहे. आज मी एका सिनेमाविषयी बोलणार आहे. पहिल्या रांगेतील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या उमटलेल्या मला येथून दिसत आहेत. मॅट्रिक होऊन अध्यापनाचे शिक्षण घेतलेला आणि छत्तीस वर्षे मुलांकडून पाढे म्हणवून घेतलेला मी मनुष्य. सिनेमावर बोलण्याचा माझा अधिकार तो काय? अधिकार नाहीच. परंतु त्या सिनेमाचे माझ्याकडे एक देणे थकले आहे, आणि ते चारचौघांतच फेडावे असे वाटल्यावरून मी येथे उभा आहे.

चित्रपटाचे नाव ‘खट्टा मीठा’. दिग्दर्शक बासू चटर्जी, वर्ष १९७८. मुंबईतील पारशी समाजाची ही हसती-खेळती गोष्ट आहे. होमी मिस्त्री हा विधुर गृहस्थ. पदरी चार मुलगे. घरात बाईमाणूस नाही, त्यामुळे घराची जी अवस्था व्हावयाची ती झालेली. दुसरीकडे नर्गिस सेठना ही विधवा. तिला दोन मुलगे व एक मुलगी. वय दोघांचेही उतरणीला लागलेले. एक मित्र मध्यस्थी करतो आणि ही दोघे विवाह करून सात मुलांचा एकच संसार मांडतात. मुलांना ते रुचत नाही. चार एका बाजूस, तीन दुसऱ्या बाजूस, आणि मध्ये ही दोन बिचारी वयस्क माणसे, लग्न करून अपराध्यासारखी वावरणारी! होमीचे काम अशोककुमार यांनी केले आहे. ते आपल्या जुन्या मध्यप्रांतातील खंडव्याला वाढलेले, त्या वेळी पासष्टीच्या पुढचे. नर्गिस झाल्या आहेत पर्ल पदमसी. गाणी गुलजारांची, संगीत राजेश रोशन यांचे. यात खलनायक असा कोणी नाहीच म्हटले तरी चालेल. जो काही विरोध आहे तो घरातल्याच माणसांच्या मनातला.

मूळ कल्पना अमेरिकेतली. १९६८ साली तिकडे अशाच विषयावर एक चित्रपट निघाला होता, आणि तो मुळात खऱ्या कुटुंबावर आधारलेला होता. फ्रँक बिअर्डस्ले हे नौदलातील गृहस्थ; पत्नी वारलेली, मुले दहा. हेलन नॉर्थ या विधवा बाई, मुले आठ. १९६१ साली कॅलिफोर्नियात त्यांनी विवाह केला आणि अठरा मुलांचे घर चालविले. पुढे त्यांना आणखी दोन झाली. आपल्याकडे एका लेकरासह आलेली सून म्हटली की ज्यांना धाप लागते, त्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत.

आता माझे देणे. माझी धाकटी बहीण १९८४ साली विधवा झाली. ती तेव्हा तेवीस वर्षांची होती आणि तिची मुलगी दीड वर्षाची. काविळीने आठ दिवसांत माणूस गेला. सासरी दीर-जावांनी चार महिने ठेवून घेतले, आणि मग दोघींना आमच्या दारी पोहोचते केले. मी शिक्षक, वडील थकलेले, म्हणून घरचा कारभार माझ्याकडे. बहिणीला व भाचीला मी आनंदाने ठेवून घेतले, ही गोष्ट त्या वेळी गावात माझ्या कौतुकाची झाली. ‘भाऊ असावा तर असा’, असे लोक म्हणत, आणि मला ते ऐकणे आवडत असे.

१९८७ च्या सुमारास आमच्या शेजारी दूरचित्रवाणीचा काळा-पांढरा संच आला होता. रविवारी सायंकाळी सिनेमा लागे आणि अर्धी आळी त्या ओसरीवर गोळा होई. अशाच एका रविवारी ‘खट्टा मीठा’ लागला. माझी बहीण भिंतीला टेकून, मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. तीन वर्षांत तिला मी मोठ्याने हसताना पाहिले नव्हते. त्या दिवशी त्या सात मुलांची भांडणे पाहून ती इतकी हसली, की पदर तोंडाला लावूनही हसू आवरेना. परत येताना अंधारात तिने मला विचारले, “का गा दादा, असं आपल्यात होते का?”

मी उत्तर दिले, “ते पारशी आहेत.”

बंधुभगिनींनो, मी शाळेत खोटे बोलणाऱ्या मुलांना छड्या मारीत असे. हे वाक्य बोलताना मला ठाऊक होते की हे खोटे आहे. कारण माझी सख्खी आजी पाटाची होती.

आपल्यापैकी किती घरांत ‘पाटाची आजी’ होती, हे येथे हात वर करून विचारण्याचे धाडस मी करीत नाही. पण पांघरुणाखाली झाकलेले थोडे उघडून दाखवितो. १९१६ साली प्रसिद्ध झालेले रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे मध्यप्रांतातील जातीजमातींवरचे चार खंड कोणी चाळावेत. शेती व कारागिरी करणाऱ्या जातींपैकी बहुतेकांच्या खाली विधवेचा पुनर्विवाह चालतो, अशी नोंद आढळते. पाट म्हणा, मोहतूर म्हणा, रीत तीच. १८५६ साली कलकत्त्यास ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या खटपटीने विधवाविवाहाचा कायदा झाला, तो ज्या वरच्या जातींत ही वाट बंद होती त्यांच्यासाठी. आपल्याकडे वाट मोकळीच होती. पुढे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत शिकलेल्या मंडळींना ही रीत हलकी वाटू लागली. आपणही उच्च म्हणवून घ्यावे, म्हणून ज्यांच्याकडे पाहून ती सोडली, त्यांच्यातलेच सुधारक त्याच सुमारास विधवांची लग्ने लावण्यासाठी बहिष्कार सोशीत होते! आपण शिडी चढून वर गेलो तेव्हा वरचे शहाणे लोक खाली उतरत होते, आणि मध्येच गाठ पडूनही कोणी कोणास ओळखले नाही.

अर्थात पाटाची रीत निर्दोष होती असेही मी म्हणत नाही. पाट लागे तो रात्री, बहुधा वद्य पक्षात. वाजंत्री नाही, बाशिंग नाही, सवाष्णींनी तोंड पाहावयाचे नाही. नवे लुगडे, हातात बांगड्या, आणि अंधारातच नव्या घरी जाणे. अविवाहित पुरुषास विधवेशी पाट लावावयाचा असल्यास त्याचे आधी रुईच्या झाडाशी लग्न लावीत. यात विनोद असा, की झाडाशी लग्न झालेला पुरुष चालत असे आणि माणसाशी लग्न झालेली बाई मात्र उणी धरली जात असे. माझी आजी सांगे की तिच्या पाटाच्या रात्री पाऊस होता, आणि आजोबांनी घोंगडी तिच्या डोक्यावर धरून स्वतः भिजत तिला घरी आणले. चोरून आणलेल्या त्या बाईने पुढे पन्नास वर्षे त्या घराचे धान मोजले. आमच्या घरात तिच्या शब्दाबाहेर कोणी नव्हते.

असो. सुधारकांचे नाव निघाले म्हणून एका संसाराची गोष्ट सांगतो. धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी राधाबाई १८९१ साली वारल्या. कर्वे पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले, पदरी एक मुलगा, वय पस्तिशीकडे झुकलेले. मुली सांगून येत होत्याच. विधुराला मुली सांगून येण्यासाठी महाविद्यालयात शिकविण्याचीही गरज नसते. पण त्यांनी ठरविले की लग्न केले तर विधवेशीच. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई ही आठव्या वर्षी, लग्नानंतर काही महिन्यांतच विधवा झालेली. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील ती पहिली विधवा विद्यार्थिनी. ११ मार्च १८९३ रोजी दोघांचा विवाह झाला. कर्व्यांच्या मुरूड गावाने बहिष्कार टाकला. त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्या वर्ध्यास विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन झाली, हे विदर्भातील आपणांस सहसा कोणी सांगत नाही. गोदूबाई म्हणजेच आनंदीबाई कर्वे. त्यांनी म्हातारपणी ‘माझे पुराण’ या नावाने आपली हकीकत सांगितली आहे. ती ज्यांच्या घरी असेल त्यांनी अवश्य वाचावी. हे पुस्तक रडके नाही; एका थोर पण संसारात अव्यवहारी नवऱ्याबरोबर घर चालविताना बाईची काय तारांबळ उडते, ते त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. अण्णासाहेबांना १९५८ साली भारतरत्न मिळाले. आनंदीबाईंना त्यापूर्वीच मृत्यू आला होता.

पुन्हा माझ्या घराकडे येतो. तो सिनेमा पाहिल्यानंतर सहा-सात महिन्यांनीच बहिणीसाठी विचारणा आली. शेजारच्या तालुक्यातील एक विधुर शिक्षक, दोन मुलगे, घरी थोडी धानाची शेती. त्यांनी मध्यस्थामार्फत निरोप पाठविला होता की, मुलीला आम्ही आमचीच मुलगी मानू. मी तो निरोप बहिणीला सांगितलाच नाही. मध्यस्थाला म्हटले, “आमची बहीण आम्हाला जड नाही.” किती उदात्त वाक्य! खरे कारण निराळे होते. माझी पत्नी त्या काळी वारंवार आजारी असे. दोन लहान मुले, थकलेले आईवडील, दोन गाई. हे सारे बहिणीच्या हातावर चालत होते. शिवाय धाकट्या भावाचे लग्न ठरावयाचे होते, आणि घरात ‘असे काही’ झाल्यास मुलीकडची मंडळी काय म्हणतील, ही धास्ती. माझ्या सोयीला मी तिच्या मर्यादेचे नाव दिले. तिला ही गोष्ट फार वर्षांनी, तिसऱ्याच माणसाकडून समजली. ती मला त्याविषयी एक अक्षर बोलली नाही, हे मला अजून जड जाते.

२०१२ साली माझी पत्नी वारली. मी त्रेपन्न वर्षांचा होतो. तेराव्याच्या पंगतीत, पानावर भात वाढला जात असता, एका नातलगाने माझ्या कानाशी लागून म्हटले, “गुरुजी, असे एकटे किती दिवस काढाल? एक स्थळ आहे, तिशीच्या आतबाहेरचे, पहिलटकरीण.” भात वाढीत होती माझी बहीणच. तिने ते ऐकले. तिने माझ्या पानावर भात वाढला, वरण वाढले, आणि पुढच्या पानाकडे गेली. त्या पंगतीत मला घास गिळता आला नाही. मला तेरा दिवस आणि तिला अठ्ठावीस वर्षे, हा हिशेब पाढे शिकविणाऱ्या माणसाला कोणी समजावून सांगावा लागत नाही.

पुरुषाची ही सवलत आपल्या जुन्या नाटक-सिनेमांनी पुष्कळदा दाखविली आहे. देवलांचे ‘शारदा’ १८९९ सालचे. प्रभातचा ‘कुंकू’ १९३७ चा. त्यातही म्हातारा विधुर तरुण मुलीशी लग्न करतो, आणि त्याच घरात त्याची स्वतःची विधवा मुलगी सार्वजनिक कामात आयुष्य घालवीत असते. मात्र उतारवयातील दोघांनी एकमेकांत विसावा शोधावा, ही गोष्ट मराठी पडद्यावर सौम्यपणे आली ती ‘उत्तरायण’ या चित्रपटात, २००४ च्या सुमारास. जयवंत दळवी यांच्या ‘दुर्गी’ नाटकावरून बिपिन नाडकर्णी यांनी तो केला. शिवाजी साटम आणि नीना कुलकर्णी यांच्या भूमिका आहेत. तो मी बहिणीसह पाहिला. या वेळी तिने मला काही विचारले नाही.

आणि सिनेमा कशाला पाहिजे? दिवाळीनंतर आपल्या झाडीपट्टीत मंडईला रात्र-रात्र नाटके होतात. रंगमंचावर विधवेच्या कपाळी कोणी कुंकू लावले की माणसे डोळे पुसतात, बक्षिसाच्या नोटा देतात. सकाळी घरी गेल्यावर त्याच माणसांच्या घरातील तशीच बाई गाईचे शेण काढीत असते. तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. मीही त्या टाळ्या वाजविणाऱ्यांतलाच.

आता अलीकडचे. २०२१ च्या एप्रिलात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, माझ्या धाकट्या भावाचा मुलगा गेला. त्याची पत्नी एकतीस वर्षांची, मुलगा सहा वर्षांचा. या मांडवात अशी घरे एकदोनच नाहीत, हे आपण जाणता. भावाच्या घरी दोन वर्षे दिवाळीचा दिवा लागला नाही. पुढच्या वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनानेही तो सर्व ग्रामपंचायतींपुढे ठेवला. ते परिपत्रक मी भावाला वाचून दाखविले. तो म्हणाला, “दादा, बांगड्या राहतील, पण पुढे?” प्रश्न रास्त होता.

पुढचे उत्तर २०२३ साली तुमसरकडून आले. एक गृहस्थ, पत्नी त्याच साथीत गेलेली, एक मुलगी आठ वर्षांची. निरोप माझ्याकडे आला. या वेळी मी तो त्याच संध्याकाळी सुनेच्या हाती दिला आणि म्हटले, “बाई, वाच आणि तूच उत्तर दे.” तिने पंधरा दिवस घेतले. पाहण्याचा कार्यक्रम झाला तो मात्र अगदी त्या सिनेमासारखा. वडीलधारी मंडळी सतरंजीवर एकमेकांकडे न पाहता बसलेली. चहा थंड होतो आहे. भाऊ सासरा म्हणून बोलावे की बाप म्हणून, या विवंचनेत. आणि ती दोन मुले परसात पेरूच्या झाडावर. थोड्या वेळाने मुलगी आत आली आणि सर्वांसमक्ष म्हणाली, “त्याला माझी सायकल चालवता येत नाही, मी शिकवते म्हटलं. पण तो इथे राहिला तर कसं शिकवू?” सभेत ठराव असा सूचक-अनुमोदकाविना मंजूर झालेला मी दुसरा पाहिला नाही. पुढे सर्व गोड झाले असे समजू नका. सायकलीवरून भांडणे झाली, मुलाने दोन महिने नव्या बापाला ‘काका’ म्हटले, आणि भावाची बायको नातवासाठी रात्री रडे. पण शनिवार-रविवार तो आजीकडे येतो, आणि आता ती मुलगीही त्याच्यासोबत येऊ लागली आहे.

लग्न २०२४ साली झाले. दुपारी बारा वाजता, वाजंत्री लावून; आजीच्या पाटाची रात्र मला आठवत होती. कन्यादान माझ्या भावाने केले. औक्षण कोणी करावयाचे, यावर बायकांत कुजबुज सुरू झाली, तेव्हा सून उठून गेली आणि माझ्या बहिणीचा हात धरून तिला पुढे घेऊन आली. बहिणीच्या हातातील तबक थरथरत होते, एवढेच मला दिसले. त्यानंतर चष्म्यामुळे मला नीट दिसले नाही.

मंडळी, मी आता मुद्द्यावर येतो. चिटणीस घड्याळाकडे पाहत आहेत. आपल्या समाजाच्या वधू-वर परिचय पुस्तिकेत विधवा आणि विधुर यांची पाने शेवटी, जाहिरातींच्या मागे असतात. ती पुढे, इतरांबरोबर, वयाच्या क्रमाने छापावीत, असा माझा ठराव आहे. दुसरे असे, की दोन मुलांचा बाप असलेला विधुर अर्जात ‘अपत्य नसलेली पाहिजे’ असे लिहितो. तसे लिहिण्यापूर्वी समितीने त्याला बसवून घेऊन दोन शब्द विचारावेत. छापावे की छापू नये, ते समितीने ठरवावे, पण विचारावे.

काही घरांत अशी भीती आहे की सुनेने दुसरे लग्न केले तर तिचा हिस्सा जाईल, किंवा उलट, तो ती घेऊन जाईल म्हणून घरचेच तिला अडवितात. १८५६ च्या कायद्यात पुनर्विवाह केल्यास पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरील हक्क जाईल असे कलम होते, हे खरे. परंतु १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने वारसाहक्काने मिळालेल्या मालमत्तेची बाई पूर्ण मालक होते, आणि तो जुना कायदा तर १९८३ सालीच रद्द झाला. मृत मुलाच्या विधवेसंबंधी जे एक कलम अडचणीचे होते, तेही २००५ साली गळाले. निवृत्तिवेतनाचे नियम मात्र खात्याखात्याचे निराळे आहेत. ते लग्नाआधी कार्यालयात विचारून घ्यावेत, मागून रडू नये.

हे भाषण लिहून झाल्यावर मी बहिणीला वाचून दाखविले. तिच्याविषयी चारचौघांत बोलावयाचे तर तिची परवानगी हवी. तिने दोन वाक्ये खोडली. ती कोणती ते सांगत नाही. आणि एक वाक्य घालावयास सांगितले ते असे, की त्या शेजारच्या तालुक्यातील शिक्षकांनी पुढे दुसरीकडे लग्न केले आणि त्यांचा संसार चांगला झाला, हे तिला ठाऊक आहे आणि तिला त्याचा आनंद आहे.

नोंदणीचे अर्ज मांडवाच्या डाव्या बाजूस, पाण्याच्या माठांजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. ज्यांना लिहिण्यास संकोच वाटतो त्यांचा अर्ज लिहून देण्यासाठी माझी बहीण तेथे बसली आहे. तिचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे, आणि जेवणाची पहिली पंगत उठेपर्यंत ती तेथेच आहे.